खाकरून येणारा फोन

नालवाडी

आष्टीकडच्या डोंगरात तुम्ही कधी गेले असान तर हे वाचू नका, उगाच माह्या चुका काढत बससान. मी लिहून राह्यलो ते न गेलेल्यांसाठी. मी पण गेलतो तवा पहिल्यांदाच गेलतो, अन ते पण सरकारी वाटणाऱ्या पांढऱ्या गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर शाल-नारळाची पिशवी घेऊन.

मी सिंदीचा. सिंदी रेल्वे. गावाच्या नावातच रेल्वे आहे म्हणून आयुष्यातली पहिली नक्कल मी स्टेशनवरच्या सूचनेची केली. सातवीत मागच्या बाकावरून नाकात बोललो, तर नागपूरहून येणं-जाणं करणारे गणिताचे सर अर्ध्या उदाहरणात डबा घेऊन पळाले. स्टेशनवर गाडीच नवती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मले असा धुतला का त्यांच्या ओरडण्याची नक्कल पण मले त्याच दिवशी पाठ झाली.

एवढ्या शिक्षणावर नोकरी लागली. वर्ध्याजवळच्या नालवाडीत दोन खोल्यांचं ऑफिस. काम असं का गरोदर बायांच्या फोनवर दर मंगळवारी दहा वाजता मशीन फोन लावते. उचलला का रेकॉर्ड केलेली बाई बोलते: या महिन्यात काय खा, काय उचलू नका, कोणता त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. ही रेकॉर्डवाली बाई म्हणजे आमच्या ऑफिसच्या मुख्य, मीनलताई. पुण्याच्या. आवाज एकदम इस्त्री केलेला. "नमस्कार. आपण गरोदर असल्यास कृपया हा संदेश पूर्ण ऐकावा."

अन बाया फोन कापत होत्या. कॉम्प्युटरवर कापलेला फोन लाल दिसे, पूर्ण ऐकलेला हिरवा. आष्टी तालुक्याचं पान म्हणजे नुसतं मिरचीचं वाळवण. म्हणून मले घेतलं, का आपल्या बोलीत नवीन आवाज काढ बापा.

पण त्या लाल पानात एक नंबर होता हिरवागार. चार महिन्यांत एक फोन कापला नाई. काही संदेश तर दोन-दोन खेपा ऐकले. नाव: अश्विनी. पहिलं बाळंतपण, आठ महिने उलटलेले.

"ही आपली आदर्श श्रोती!" मीनलताई म्हणाल्या. त्यांनी प्रमाणपत्रच छापून घेतलं: 'आदर्श श्रोती माता'. संग शाल अन नारळ. "आपण तिच्या घरी जाऊ, सत्कार करू, ती कशी ऐकते ते विचारू. आणि तू नक्कल करायची नाहीस."

"तू नक्कल करायची नाहीस," मी त्यांच्याच आवाजात म्हणलं. अशी यात्रा सुरू झाली.

आर्वीमार्गे, आलूबोंड्यासकट

थंडीचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूनं कापूस फुटलेला अन तुरी अशा हिरव्या का गाडीतून उतरून शेंगा तोडाव्या वाटे. मीनलताई दर दहा मिनिटानं "किती सुंदर!" म्हणत. आम्हाले तूर म्हणजे वरण, त्यात सुंदर काय ते त्या दिवशी पहिल्यांदा पाह्यलं. होती खरी सुंदर.

आर्वीले थांबलो. आलूबोंडा मागतला. पुण्यात म्हणे याले बटाटावडा म्हणतात अन पावात दाबतात. आमच्याकडे प्लेटीत फोडून त्यावर रश्श्याची तर्री ओततात. मीनलताईनं विचारलं, "हे फार तिखट नाही ना?" हॉटेलवाला म्हणे, "नाई जी, लहान लेकरं खातात." लेकरं खातात हे खरं, पण ते इथलेच लेकरं. पुढचे वीस किलोमीटर मीनलताई काही बोलल्या नाईत. गाडीत एवढी शांतता पुन्हा झाली नाई.

आष्टीले शीलासिस्टर गाडीत बसल्या. त्या भागातल्या नर्स. वीस वर्षं झाले याच गावांत फिरून राह्यल्या, खांद्यावर बीपीच्या मशीनची पिशवी, तोंडात सुपारी.

"हा कोन पोट्टा?" मले पाहून विचारलं.

"हा आपला आवाज," मीनलताई म्हणाल्या.

"मंग याले बोलू द्या, बीपी त मी पाहतोच."

बाजार

त्या दिवशी आष्टीचा बाजार भरलता. मी म्हणलं, चला, इथंच विचारू का फोन काऊन कापता. मिरच्या विकणारी एक पोट वर आलेली बाई बसली होती. तिले मीनलताईचा संदेश ऐकवला.

"कापू नाई त काय करू?" ते म्हणे. "हे बाई एवढी शिस्तीत बोलते, मले वाटलं शाळेतून फोन आला. मोठं पोट्टं पुन्हा नापास झालं असन."

मग मी माही तयारी दाखवली. एका खवीस म्हातारीच्या आवाजात संदेश म्हणलता: "काय वं माय, गोयी खाल्ली का नाई? का फेकली उकिरड्यावर?" ते बाई एवढी हसली का मिरच्यात हात ठेवून बसली, मग तोच हात डोयाले लावला, मग रडली. डोये धुवून झाल्यावर मी विचारलं, "आता सांग बरं, कोणती गोळी म्हणलं?"

"ते काही ध्यानात नाई बापा. पन पुन्हा लाव."

मीनलताईनं माह्याकडे पाह्यलं. लोकं हसले म्हणजे ऐकलं, असं मले आजवर वाटे. त्या मिरच्यांच्या ढिगासमोर ते गेलं.

रात्री शीलासिस्टरच्या घरी मुक्काम केला. ओल्या तुरीच्या सोल्याची, म्हणजे दाण्यांची, भाजी अन ज्वारीची भाकर. मीनलताईनं दोनदा घेतली. सकाळी रस्त्यावरच्या तुरीले "किती सुंदर" म्हणाल्या तवा त्यांच्या आवाजात आता थोडी भूक होती.

ते गाव

गावाचं नाव सांगत नाई. यादवआबानं शपथ घातली आहे. आष्टीवरून सागाच्या जंगलातून चढत गेलं, संत्र्याचे दोन बगीचे मागे टाकले का येते, एवढंच.

घर चांगलं, शेणानं सारवलेलं. अंगणात यादवआबा बसले होते, अश्विनीचे सासरे. पांढरं धोतर, सदऱ्याच्या खिशात बटनवाला मोबाइल. पोरगा, म्हणजे अश्विनीचा नवरा, बुटीबोरीले कंपनीत कामाले. घरी तीनच माणसं.

"आम्ही तुमच्या सुनेचा सत्कार करायला आलोय," मीनलताई म्हणाल्या.

आबा उठले, घराकडे तोंड केलं अन खाकरले.

थांबा, हे खाकरणं सांगावं लागन. आधी घशात गाडीभर गिट्टी, म्हणजे खडी, ओतल्यासारखा खर्रर्र, मग दोन मोजेपर्यंत शांतता, मग हूं-हूं. सासरा घरात शिराच्या आधी असा खाकरते. म्हणजे आत सुनेनं पदर डोक्यावर घ्यावा, बसली असन तर उभं व्हावं. आमच्या सिंदीत गाडीच्या आधी भोंगा येते तसा इथं सासऱ्याच्या आधी खोकला. आमच्या घरी हे काही नाई. माही वहिनी तर बाबालेच म्हणते, बाबा, चपला बाहेर काढा.

बाया आत गेल्या, मी दारातच राह्यलो. आबा पाणी आणाले मागे गेले. अश्विनी पुन्हा खाली बसून शेंगा सोलत होती, संग तिची सासू. अन माह्या घशात खाज सुटली. अशी वस्तू ऐकली अन काढून पाह्यली नाई, असं माह्या हातून होत नाई. मी दाराआड होऊन खाकरलो. खर्रर्र, दोन मोजले, हूं-हूं.

अश्विनी पदर घेत ताडकन उठली, शेंगा साऱ्या घरभर. सासू पण उठली. अन दारातून मी आत!

"काय रे माकडा!" सासूनं शेंगाच फेकून मारल्या. "जीव घेतं का पोरीचा?"

अश्विनी पदरात हसली. पण हसता हसता तिनं भिंत धरली अन डोळे मिटून घेतले. शीलासिस्टरचं सुपारी चावणं थांबलं.

"काय झालं वं?"

"काही नाई. पटकन उठली ना, म्हणून."

मीनलताईनं लगेच प्रमाणपत्र काढलं. "अश्विनी, तू दर मंगळवारचे फोन इतके मनापासून ऐकतेस..."

"कोणते फोन?"

"आमचे. गरोदर मातांचे."

"मले त कधी आला नाई. घरचा फोन मामाजीपाशी राह्यते." मामाजी म्हणजे सासरा. त्याच्याशी सून थेट बोलत नसते, दोन वर्षांत एक शब्द नाई. स्वयंपाक झाला का सासूले सांगते, "मामाजीले म्हणा, भाकर झाली." मामाजी तिथंच तीन हातावर बसून राह्यतात.

मीनलताईनं तिथंच तो नंबर लावला. मागच्या अंगणात आबाच्या खिशात घंटी वाजली. आबानं फोन काढला, इकडेतिकडे पाह्यलं अन पाण्याचा गडू तसाच ठेवून सरळ शेताकडे चालाले लागले.

"मंगयवार नसून कसा आला?" जाता जाता स्वतःशीच म्हणत होते.

सासूनं कपाळावर हात मारला. "अस्सं! तरीच म्हणतो मी, या मानसाले झालं काय! चार महिने झाले, हप्त्याले नवीन कायतरी. आधी पालक. रोज पालक! मंग गूळ-फुटाने. मंग लोखंडाची कढई आनली, म्हने हिच्यातच कर. मंग पोरीनं पान्याचा गुंड उचलला त माह्यावर ओरडले, मच्छरदानी आनली. मी म्हनो, म्हतारपनी याले पालकाचं याड लागलं!"

शीलासिस्टर हसून हसून बाजेवर पडल्या. मीनलताई हातातल्या प्रमाणपत्रावरच्या 'माता' या शब्दाकडे पाहत राह्यल्या.

बेहड्याच्या झाडाखाली

मी आबाच्या मागे पळालो. त्या गावात घंटी कुठंही वाजते, पण फोनवरचं ऐकू येते एकाच जागी, आबाच्या शेताच्या बांधावर, बेहड्याच्या झाडाखाली. आबा तिथं उभे होते.

"आबाजी, पकडले गेले तुम्ही," मी म्हणलं.

ते हसले नाईत. "पयला फोन आला तवा कापनार होतो," म्हणाले. "बाई म्हने, पोटातलं लेकरू आता हलन. आता सांग पोरा, हे मी ऐकू का? लाज वाटली. पन मंग म्हने, या महिन्यात रक्त कमी पडू देऊ नका. म्हनलं ऐकावं. लेकीगत पोर हाय, तिचं ध्यान कोन ठेवन? बाई बोले, मी हो बाई, हो बाई म्हनो. ते बाई माह्यं ऐकत नाई हे मले मालूम हाय. पन एवढं सांगते बिचारी, हो त म्हना लागते."

"मग घरात सांगतलं काऊन नाई?"

"काय सांगू? बायाच्या गोष्टी चोरून ऐकतो म्हनू?" अन मग त्यांनी माहा हात धरला. "तू आला ते बरं झालं. परवाच्या फोनात बाई म्हने, डोकं दुखलं, तोंड सुजलं, डोयापुढे अंधारी आली, त त्याच दिवशी दवाखाना. थांबू नका म्हने. दोनदा ऐकलं मी. पोरगी परवापासून डोक्याले फडकं बांधून राह्यते. काल चप्पल पायात गेली नाई, अनवानी विहिरीवर गेली. म्हतारीले म्हनलं, विचार. तिनं विचारलं, पोरगी म्हने बरं हाय. उद्या तिचा भाऊ नेयाले येनार हाय, पयलं बायंतपन मायेरी. तिले वाटते त्रास सांगतला त मायेरी जाचं रहून जाते. अन मी विचारू कसा? सासऱ्यानं सुनेले असं विचारते का कोनी?"

मी घराकडे धावलो, मागून आबा.

शीलासिस्टर आधीच बीपीचा पट्टा बांधत होत्या. अश्विनी म्हणत होती, "बरं हाय, सिस्टर, खरंच." सिस्टरनं आकडा पाह्यला. पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा पाह्यला. एकशे साठच्या वर.

"डॉक्टरीणबाईले दाखवा लागते. आत्ताच."

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई व्हिडिओवर दिसतात, तोच आमच्या कामाचा दुसरा भाग. पण मीनलताईच्या महागाच्या फोनवर घंटी गेली तेवढीच, व्हिडिओले रेंजची एक कांडी पण येईना. आबाच्या फोनचं कार्ड तेवढं चाले. ते कार्ड काढून मीनलताईच्या फोनात टाकलं अन साऱ्यांनी अश्विनीले हळूहळू बांधावर नेलं.

तरी लागेना. आबा म्हणाले, "असा नाई लागत. हात वर करा लागते, अन असं तिरपं उभं राहा लागते." चार महिन्यांची सवय. त्यांनी फोन धरला, तिरपे झाले, अन काय सांगू, लागला.

डॉक्टरीणबाई दिसल्या. "पेशंट कुठे आहे? चेहरा दिसत नाही. पदर मागे घ्या, सूज पाहू द्या."

अश्विनी हलली नाई. समोर सासरा उभा. फोन त्याच्याच हातात. दुसऱ्या कोणी धरला का कांडी गायब.

तवा यादवआबानं मान वळवली. फोनचा हात तसाच वर, अन तोंड पार शेताकडे. मोठ्यानं म्हणाले, "मी तूर पाहून राह्यलो. मले काही दिसत नाई."

अश्विनीनं पदर मागे घेतला. तोंड खरंच सुजलं होतं.

"डोकं दुखतं का?" डॉक्टरीणबाईनं विचारलं.

अश्विनी पदराचं टोक बोटाले गुंडाळत राह्यली.

"डोळ्यांपुढे अंधारी येते का?"

"नाई," अश्विनी म्हणे. हळूच.

आबाचा हात अजून वरच होता. अन मग, तुरीकडे तोंड करूनच, ते खाकरले. खर्रर्र. दोन मोजले. हूं-हूं. अन बोलले.

"डॉक्टरीनबाई, पोरीचं डोकं परवापासून दुखून राह्यलं. चप्पल पायात जात नाई. सकाळी विहिरीपाशी दोनदा बसली. ते सांगत नाई, मी सांगतो."

सासूनं तोंडावर हात ठेवला. वाऱ्यानं तुरी तेवढ्या हलल्या. अश्विनी सासऱ्याच्या पाठीकडे पाहत राह्यली. मग फोनकडे पाहून म्हणाली, "हो. दुखते. अंधारी पन येते."

पुढचं डॉक्टरीणबाईनं भराभर सांगतलं. सिस्टरनं कोणती गोळी आत्ता द्यायची, गाडीत कशी निजवायची, कुठं न थांबता सरळ वर्धा. "मी तयारी करून ठेवते. वेळेवर कळलं, बरं झालं."

आबानं हात खाली केला तो दुसऱ्या हातानं धरून खाली केला, एवढा आखडला होता.

वर्धा

येतानाचा रस्ता मी सांगू शकत नाई, मी पाह्यलाच नाई. मी पुढं बसून ड्रायव्हरसाठी भोंग्याचे आवाज काढत होतो, कारण गाडीचा भोंगा बिघडला होता. आर्वीच्या बाजारात लोकांनी खरंच रस्ता दिला. अश्विनी मागून म्हणे, "याले थांबवा वं, हसू येते अन डोकं ठणकते." मी थांबलो नाई. अर्धा आवाज कमी केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अन मी दवाखान्याच्या बाकावर चहात वर्ध्याचं गोरसपाक बिस्कीट बुडवून खात होतो. म्हणजे मी खात होतो, आबांचा चहात पडून विरघळला तरी त्यांना पत्ता नवता. आत अश्विनीचं ऑपरेशन चालू होतं. सासू दारापाशी, नवरा बुटीबोरीहून येऊन कोपऱ्यात उभा, माहेरचा भाऊ पण थेट इथंच आलता.

मीनलताई शेजारी येऊन बसल्या. "आबाजी, एक विनंती. फोन सगळ्या घरांत सासऱ्यांच्याच खिशात असतो. त्यांच्यासाठी एक संदेश हवा. हा म्हणेल तुमच्या आवाजात," त्यांनी माह्याकडे बोट केलं.

मी म्हणून पाह्यलं. खाकरलो पण बरोबर. आबानं ऐकलं अन मान हलवली.

"तू लय छान काढतं पोरा. पन तुले सून नाई."

मग त्यांनी स्वतः फोन तोंडापुढे धरला. खाकरले, अन बोलले: "रामराम. मी एक सासरा बोलतो. हा फोन तुमच्या सुनेचा हाय. लाजू नका, पुरा ऐका, अन मंग तिच्या हाती द्या. तिनं बरं हाय म्हनलं तरी तिच्या पायाकडे पाहा, चप्पल जाते का नाई."

एका दमात. दुसऱ्यांदा रेकॉर्ड करावं लागलं नाई. मीनलताईनं पेनानं प्रमाणपत्रावरची 'माता' खोडली अन कागद आबांच्या हाती दिला. आबानं तो चार घड्या करून फोनच्या मागं खिशात ठेवला. आता आष्टी तालुक्याच्या पानावर हिरवं दिसाले लागलं आहे. फोन खाकरला का कापाची कोणाची हिंमत होत नाई.

पण त्या सकाळी, आबा कागद खिशात ठेवतात तेवढ्यात नर्स आली. मुलगी. दोघीही बऱ्या.

दुपारी भेटाले सोडलं. नवरा गेला, भाऊ गेला, सासू गेली, मी गेलो. आबा वॉर्डाच्या दाराशी आले अन सवयीनं थांबले. गळा साफ केला. आत दहा खाटांवरच्या दहा बायांचे हात पदराकडे गेले.

"मामाजी," अश्विनी म्हणाली. सासूले नाई सांगतलं. सरळ दाराकडे पाहून, आपल्याच तोंडानं. "खाकरू नका. आत्ताच झोपली. या ना आत."

आबानं चपला काढून हातात घेतल्या, अन घशातली ती सारी गिट्टी तशीच गिळून, अलगद आत आले. ती नक्कल मी तेव्हापासून रोज करून पाहून राह्यलो. नाई जमत.